सुभेदारांच्या तीन चौक्या

"मामा, उद्या बारापर्यंत त्या डब्यांना हात लावू नका. पुसायलासुद्धा नको," असं सुनेनं रविवारी रात्री जेवताना बजावून सांगितलं होतं. तरी सोमवारी सकाळी साडेनऊला सुभेदार नाथाजी चष्मा लावून, मोबाईल हातभर लांब धरून वायफायच्या डब्यापुढे उभे होते. आता ज्या माणसानं सैन्याच्या सिग्नल तुकडीत अठ्ठावीस वर्षं काढली, त्याला स्वतःच्याच घरातल्या डब्यांना हात लावू नको म्हणायचं, हे चुकलंच म्हणा सुनेचं.

डबे तीन होते. एक हॉलमध्ये, दुसरा स्वयंपाकघरात आणि तिसरा मागच्या खोलीत. तिन्ही मिळून घरभर एकच वायफाय पसरवायचे. सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या गल्लीत बाकी कुणाकडे असलं काही नव्हतं आणि मोबाईलला तर तिथं एक दांडी आली तरी नशीब. नाथाजी डब्यांना चौकी नंबर एक, दोन आणि तीन म्हणत. त्यांची एक वही होती. कुठल्या चौकीला कधी अपडेट दिलं, किती मिनिटं लागली, दिवा लाल झाला की हिरवा, सगळं त्यात तारखेनिशी असे. घरातल्या कुणाच्याही तब्येतीची इतकी नोंद त्या घरात कधी झाली नव्हती.

जानेवारी संपता संपता नेट रडायला लागलं होतं. नाथाजींचं निदान पक्कं होतं, दोष फर्मवेअरचा. फर्मवेअर म्हणजे डब्याच्या आतली अक्कल, आणि कंपनी ती अधूनमधून नवी पाठवते, असं ते बायकोला, अंजनाकाकूंना, समजावून सांगत. दोन महिन्यांत त्यांनी अशी पाच वेळा अक्कल भरली. नेट दर वेळी आणखी मंद झालं.

गंमत वाटली तरी गोष्ट साधी नव्हती. सून प्रियदर्शनी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करायची. मुलगा जयराज पलटणीबरोबर दूर उत्तरेत. मीटिंग चालू असताना सुनेचं चित्र तीन वेळा गोठलं, तेव्हा वरच्या साहेबांनी सांगून टाकलं, की सोमवारी बारा वाजता परदेशी गिऱ्हाइकापुढे चाळीस मिनिटं बोलायचंय. या वेळी लाइन तुटली, तर एक तारखेपासून पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं. म्हणजे सून पुण्याला जाणार आणि तिच्याबरोबर साक्षीही जाणार.

साक्षी तीन वर्षांची, नाथाजींची नात. सकाळी आजोबांना सलाम ठोकल्याशिवाय ती दूध प्यायची नाही, आणि तिनं सलाम ठोकल्याशिवाय आजोबा चहा. ती जाणार या नुसत्या विचारानं म्हातारा पार खचला होता. रविवारी दोनातली एक भाकरी त्यांनी ताटात तशीच ठेवली. म्हणून मोबाईलवर 'नवीन अपडेट उपलब्ध, वेग आणि स्थिरता सुधारेल' असं दिसल्यावर त्यांना राहवलं नाही. बाराला अजून अडीच तास होते. त्यांनी 'सर्व डबे अपडेट करा' हे बटण दाबलं आणि वहीत वेळ लिहिली.

चौकी एकचं काम बारा मिनिटांत झालं. चौकी दोनचा दिवा लुकलुकू लागला. मोबाईलवर सूचना आली, की अपडेट चालू असताना वीज बंद करू नका, आणि तोवर घरातलं नेट बंद राहील. नाथाजी खुर्ची घेऊन पहाऱ्याला बसले.

दहाच मिनिटांत समोरचे आप्पासो आले. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ सकाळी पेपर सोडून कधी हलत नसत. त्यांनी नाथाजींच्या गुडघ्याची चौकशी केली. गुडघा बरा आहे म्हटल्यावर दुसऱ्या गुडघ्याची केली. बोलताना मात्र त्यांची नजर सारखी हॉलमधल्या डब्याकडे. मागोमाग त्यांच्या पत्नी विजयमाला वाटीभर मेतकूट घेऊन आल्या. मग शेजारचे मोहिद्दीनभाई आले. त्यांचा गाद्यांचा कारखाना, ऐन लग्नसराईचे दिवस, तरी ते म्हणाले, की सहज आलो, सुभेदारांना बघून लय दिवस झाले. वास्तविक त्यांनी आणि आप्पासोंनी आदल्याच संध्याकाळी नाथाजींच्या कट्ट्यावर दोन तास काढले होते.

साडेदहा झाले तरी चौकी दोनचा दिवा लुकलुकतच होता आणि हॉलमध्ये अकरा माणसं झाली. कुणी तब्येत विचारतंय, कुणी जयराजची खुशाली. नाथाजींना भरून आलं. निवृत्तीनंतर माणसाला कोण विचारतं म्हणतात, आणि इथं सकाळच्या पारी अख्खी गल्ली लोटली होती. नाही तरी रोज संध्याकाळी आपला कट्टा भरलेला असतोच, लोकांना आपल्याबद्दल माया आहे, असं त्यांच्या मनात आलं.

अंजनाकाकू मात्र आल्या गेल्याला बस म्हणत होत्या आणि नवऱ्याकडे बघायचं टाळत होत्या. आलेल्या माणसाला तसंच पाठवायची त्या घरात रीत नव्हती. काकूंनी कढईभर पोहे टाकले. पोह्यांबरोबर चटणी हवी, चटणीला मिक्सर हवा आणि मिक्सरला प्लग हवा. स्वयंपाकघरात प्लग एकच, आणि त्यात चौकी नंबर दोन. काकूंनी रोजच्या सवयीनं डब्याची वायर उपसली, मिक्सर लावला, चटणी वाटली आणि वायर परत होती तशी खोचली.

नाथाजी धावत आत गेले तेव्हा डब्यावर लालभडक दिवा जळत होता.

"अंजना, हे काय केलंस?"

"चटणी केली. रोजच काडते की वायर."

म्हणजे ही रोजची कथा होती. पाच अपडेटांपैकी किती चटणीत गेली असतील याचा हिशोब करायलाही सुभेदारांना वेळ नव्हता. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांनी कंपनीच्या मदत क्रमांकाला फोन लावला. तिकडच्या मुलीनं सांगितलं, की मुख्य, म्हणजे हॉलमधल्या डब्याच्या मागच्या भोकात टाचणी घालून तीस सेकंद दाबा. तिन्ही डबे पुन्हा कोरे होतील, मग नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड नव्यानं घाला. टाचणी घरात सापडेना. विजयमालाकाकूंनी बांगडीला अडकवलेल्या पिनांच्या जुडग्यातली एक काढून दिली. तीस सेकंद सगळा हॉल श्वास रोखून उभा होता. इतकी काळजी गल्लीनं नाथाजींच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळीही केली नव्हती.

दिवा हिरवा झाला. मोबाईलनं विचारलं, नेटवर्कचं नाव काय? पासवर्ड काय? एवढ्यात प्रियदर्शनी लॅपटॉप कडेवर घेऊन जिना उतरली. डबे, टाचणी आणि सासऱ्यांचा चेहरा बघून तिला सगळं कळलं. ती ओरडली नाही, नुसती पायरीवर बसली आणि म्हणाली, "मामा, जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड घाला. ऑफिसचा लॅपटॉप तेवढंच ओळखतो. नवं जोडायला पुण्याची मंजुरी लागते, ती दोन दिवसांनी येते."

नाथाजींनी कपाळावरचा घाम पुसला. आणि त्यांना पासवर्ड आठवेना. तो वहीत लिहायचा नाही, हा त्यांचाच कडक नियम होता.

"आवं सुभेदार, त्यात काय अवघड हाय?" आप्पासो पोह्याची ताटली खाली ठेवत म्हणाले. "पयलं साक्षीचं नाव. मग जयराजच्या पलटणीचा नंबर."

"आन् शेवटाला ती काठी, खाली टिंब," मोहिद्दीनभाईंनी मदत केली.

आप्पासोंनी ताटली परत उचलली आणि ते एकेक शेंगदाणा निवडून खायला लागले.

"तुमाला कसं ठावं?" नाथाजींनी विचारलं.

सगळ्यांच्या नजरा अंजनाकाकूंकडे वळल्या. काकूंनी पदर सारखा केला.

"संक्रांतीला वाण म्हणून दिलं मी," त्या म्हणाल्या. "दरवर्षी त्या प्लास्टिकच्या डब्या. ज्येच्या त्येच्या घरात ढीग पडल्यात. म्हनलं औंदा उपेगाचं काय तरी द्यावं. तिळगुळाच्या पुडीत चिठ्ठी घातली. चौदा जणींना दिलं. मोहिद्दीनभाईंच्या रुमानाला बी दिलं."

"माझ्या वायफायचा पासवर्ड? हळदीकुंकवाला?"

"तुमी म्हनत हुता की तीन डब्याचं लय लांबवर जातंय. घरात ऱ्हाऊन वाया जायचं ते."

आता एकेक गोष्टीचा उलगडा व्हायला लागला. हॉलमधला डबा रोज सकाळी आपोआप खिडकीत का सरकतो, काकू "हवेशीर बरा" असं का म्हणतात, आणि गल्लीतली मंडळी रोज संध्याकाळी कट्ट्यावर मान खाली घालून का बसतात. गुडघ्याची चौकशी कुणाला करायची होती, हेही कळलं. नाथाजींना राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं.

पण घड्याळ थांबत नव्हतं. त्यांनी जुनाच पासवर्ड घातला. तो घातल्या क्षणी हॉलमधल्या अकरा फोनांनी एकदम टुणटुण सुरू केली, बाहेरच्या घरांतले टीव्ही आपसूक बोलायला लागले, आणि वर गेलेल्या सुनेचा आवाज आला, "मामा, पान उघडतच नाहीये. बारा मिनिटं राहिलीत."

नाथाजी उठले. अठ्ठावीस वर्षांत न चढलेला आवाज त्यांना लागला.

"ज्याचा त्याचा फोन हितं जमा. कुणीबी घरी जायाचं न्हाई."

काकूंनी पिठाची मोठी परात आणून मधोमध ठेवली. एकेकानं येऊन फोन बंद करून परातीत टाकला. मोहिद्दीनभाईंचे दोन निघाले. घराघरातल्या टीव्हीचं काय, हा प्रश्न उरला, तर अंजनाकाकूंनी चप्पल पायात सरकवली आणि त्या विजयमालाकाकूंना बरोबर घेऊन गल्लीत उतरल्या. संक्रांतीला ज्या चौदा दारांत त्यांनी आवतण दिलं होतं, त्याच दारांत त्या आता सांगत फिरल्या, "तासभर सगळं बंद ठिवा. न्हाई तर आमची साक्षी पुण्याला जाईल." एका घरात सासूची मालिका ऐन रंगात आली होती. तीसुद्धा बंद झाली. साक्षी सगळ्या गल्लीच्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर होती.

नाथाजी मोबाईलवर जोडलेल्या यंत्रांची यादी बघत बसले. एकसष्ट होती. चाळीस झाली. एकोणीस. सहा. बारा वाजायला एक मिनिट असताना यादीत दोनच नावं राहिली, एक लॅपटॉप आणि एक त्यांचा स्वतःचा फोन. वरून सुनेचं स्वच्छ, न अडखळणारं इंग्रजी ऐकू यायला लागलं. खाली बारा माणसं परातीभोवती गप्प बसून होती आणि साक्षी आप्पासोंच्या मांडीवर पोहे खात होती.

बारा वाजून वीस मिनिटांनी वरचं इंग्रजी अडखळलं. एक शब्द दोनदा, मग काहीच नाही, मग अर्धं वाक्य. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मोहिद्दीनभाईंनी छातीवर हात ठेवून सांगितलं, की त्यांचा तिसरा फोन नाही. नाथाजी यादी वरखाली करत होते. बाहेरचं कुणीही जोडलेलं नव्हतं.

"चोर घरातलाच दिसतोय," आप्पासो हळूच म्हणाले.

अंजनाकाकू मागच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. "आवं, ह्यो का लुकलुकतोय?"

चौकी नंबर तीन. सकाळी साडेनऊला सुभेदारांनी 'सर्व डबे' हे बटण दाबलं होतं. मधे डबे कोरे झाले तरी कंपनीकडची आज्ञा काही पुसली गेली नव्हती. तिसरा डबा आपली पाळी आल्यावर मुकाट्यानं नवी अक्कल उतरवून घेत बसला होता, आणि गल्लीनं परातीत ओतून मोकळं केलेलं सगळं नेट एकटा गिळत होता.

"हात लावू नगंस, अपडेट चालू असताना वीज..." एवढं नाथाजी नियमाप्रमाणे म्हणाले.

काकूंनी वायर उपसली.

वरचं इंग्रजी पुन्हा वाहायला लागलं आणि मग अखेरपर्यंत एकदाही थांबलं नाही.

एकला दहा मिनिटं असताना प्रियदर्शनी खाली आली. साहेब म्हणाले होते, की लाइन इतकी स्वच्छ असेल तर पुण्याला यायची गरज नाही, सांगलीतूनच करा. हे सांगताना तिचे डोळे भरून आले. नाथाजींनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. साक्षीनं त्यांना सलाम ठोकला.

लोकांनी परातीतून आपापले फोन ओळखून घेतले, पण दाराकडे कुणी सरकेना. शेवटी आप्पासोंनी विचारलं, "मग सुभेदार, त्यो पासवर्ड आता बदलायचा म्हनता?"

नाथाजींनी अंजनाकाकूंकडे बघितलं. काकू परातीला लागलेलं पीठ झटकत होत्या.

"दिलेलं वाण परत घेत न्हाईत," सुभेदार म्हणाले. "पर मीटिंगच्या टायमाला फोन परातीत. आन् माझ्या गुडघ्याची चौकशी चालू ऱ्हायला पायजे."

गल्ली कबूल झाली. सगळे गेल्यावर त्यांनी वही उघडली, तारीख घातली आणि नेहमीच्या वळणदार अक्षरात नोंद केली: चौकी नंबर तीन. अपडेट अर्धवट. कारण, वरिष्ठांनी प्लग काढला.