राणीचं चित्र परत आलं कसं?

आमचे शेजारी आप्पा चौगुले यांनी एकदा चालू वर्षाचं कॅलेंडर भिंतीवरून काढलं, त्याला दोन्ही बाजूंनी शेंगतेल चोळलं, गुंडाळी केली आणि दुपारभर हौदात बुडवून ठेवली. व्हायचा तो लगदा झाला. तो ओंजळीत घेऊन ते माझ्या दारात आले.

"बगा मास्तर. तेल लावूनबी टिकलं न्हाई. मग राणीचं चित्र टिकलं कसं?"

ही राणी सिनेमातली. राजवाड्यातलं तिचं जुनं तैलचित्र एक चोर कापून पळवतो. शेवटी पोलिस मागे लागतात, चोर पुलावरून नदीत पडतो, त्याला बाहेर काढतात आणि गुंडाळी वाहून जाते. ती वाहून जाताना पडद्यावर स्पष्ट दिसते. पुढच्याच प्रसंगात राजवाड्यात लग्न, आणि राणी भिंतीवर जागच्या जागी, वर झेंडूची माळ!

सगळ्या कोल्हापुरानं हे पाहिलं आणि सोडून दिलं. आप्पांनी सोडलं नाही. ते गुळाचे व्यापारी. नुसत्या वासावरून गुळाच्या रव्यातली, म्हणजे ढेपेतली, भेसळ सांगणारा माणूस. कुठल्याही बोलण्यात खोट दिसली की बोट उचलून म्हणायचे, "हितं फट हाय!" मी गणिताचा मास्तर, पण माझ्याही बोलण्यात त्यांना दिवसाला दोन फटी सापडत. आता तर दुकानात गूळ घ्यायला आलेल्यालाही ते आधी विचारत, "पावणं, त्यो शिनेमा बगितलासा?"

"आप्पा, लिहिणारा विसरला असेल," मी वैतागून म्हणालो.

"इसरला? तिकिटाचं पैसं घ्यायला इसरत्यात व्हय ही? पंधरा वर्सं पिच्चर बगतोय. एकाच्याबी शेवटाला फट न्हवती."

ते गेल्यावर तांदूळ निवडणारी आमची बायको हळूच म्हणाली, "फट कशी दिसेल? हा सोडला तर आप्पांनी आजवर एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही."

मग तिनं सगळं सांगितलं. आप्पा पक्के जैन. दिवस बुडायच्या आत जेवण उरकलं पाहिजे. त्यामुळे दर रविवारी तीनचा खेळ, आणि तो सुटायच्या आधी पाच-दहा मिनिटं आप्पा उठून टांगा धरायला पळत. त्यांची बायको पद्माक्का बायकांच्या बाजूला शेवटपर्यंत बसे आणि घरी जाताना टांग्यात त्यांना शेवट सांगे. पुष्कळदा आमची बायकोही त्याच टांग्यात असायची.

"एकदा सिनेमातल्या सुनेनं विहिरीत उडी घेतली," ती म्हणाली. "पद्माक्कांनी सांगितलं, तिला दोन मुलगे झाले. मी नंतर विचारलं, तर म्हणाल्या, 'खरं सांगितलं तर ह्ये ताटावरनं उठत्यात ओ. आन् मग सकाळपातूर उपाशी.'"

पद्माक्का जाऊन वर्ष झालं होतं. त्यानंतर आप्पांनी एकट्यानं पाहिलेला हा पहिलाच सिनेमा. वाटेत शेवट सांगणारं आणि घरी ताट वाढून देणारं कुणी नव्हतं, म्हणून ते शेवटपर्यंत बसले. मला एकदम फार वाईट वाटलं. महिनाभर मी या माणसाला हसत होतो.

मी ठरवलं, ही फट आपण बुजवायची. रविवारी आप्पांना घेऊन त्याच सिनेमाला गेलो. चोर पुलाकडे पळू लागला तसा मी म्हणालो, "आप्पा, तुम्ही टांगा बघा जावा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टोपी नीट केली आणि मुकाट्यानं उठले.

टांगा निघाल्यावर मी सुरुवात केली. "नदीत गेली ती नक्कल होती, आप्पा. खरं चित्र चोरानं आधीच गवताच्या गंजीत लपवलं होतं."

"नक्कल कुणी काडली?"

"त्याच्या भावानं."

"त्येचा भाऊ कवा आला पिच्चरमदी?"

"मध्यंतरानंतर लगेच. तुम्ही चहा पीत होता."

आप्पा पोट धरून हसले. टांगेवालाही मागे वळून हसला. "मास्तर, तुमाला थापा जमत न्हाईत. तिला जमायच्या."

"म्हणजे? तुम्हाला ठाऊक होतं?"

"तर! दुसऱ्या दिशी दुकानात हमाल लोकं खरा शेवट सांगायचीच की."

"मग पद्माक्कांना कधी बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? माझ्यासाठनं एवडं रचून आणायची ती." हसू ओसरलं होतं. ते घोड्याच्या पाठीकडे बघत राहिले. "चित्र नदीत गेलं, त्ये मलाबी दिसलं, मास्तर. लिव्हणारा इसरला, त्येबी कळलं. पर ती असती तर तिनं त्ये चित्र परत कसं आणलं असतं, एवडंच शोदतोय. लई डोकं चालवलं. न्हाई सुचत."

घर आलं. दिवस अजून बुडाला नव्हता. आप्पा खाली उतरले आणि कुलूप काढू लागले.