पंपकाकांचा बंद पंप

पंपकाकांचा पंप तीन दिवस बंद होता, आणि ही गोष्ट बाहेर फुटली असती तर त्यांना गल्लीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. तीस वर्षं हा माणूस लोकांचे पाण्याचे पंप दुरुस्त करत आला. नुसता कान लावला की आतलं दुखणं सांगायचा. त्यावरून गल्लीने नाव पाडलं पंपकाका. खरं नाव आता मतदारयादीपुरतं उरलं होतं.

बंद पडलेला पंप मात्र पाण्याचा नव्हता, इन्सुलिनचा होता. काड्यापेटीहून थोडा मोठा, पट्ट्याला अडकवलेला. दंडावरची चकती दर पाच मिनिटांनी साखर बघायची, पंपाला कळवायची, आणि पंप आपल्या मनाने लागेल तेवढं इन्सुलिन नळीतून पोटात सोडायचा. डॉक्टरीणबाईंनी तो तीन महिन्यांसाठी दिला होता. "साखर नीट राहिली तर कदाचित इन्सुलिन सुटेलही," असं त्या म्हणाल्या होत्या. काकूंनी घरी आल्यावर पुस्ती जोडली, "आणि हा मोडलात, तर पुन्हा दिवसाला चार सुया. मी टोचणार." गटारात खांद्यापर्यंत हात घालणारे काका सुई दिसली की भिंत धरायचे.

उद्या तीन महिने पुरे होऊन तपासणी होणार होती. आणि सोमवारी एका सिंकखाली शिरताना पंप आपटला, तेव्हापासून त्याची घरघर ऐकू येईना. तसा तो महिनाभर मंदावत चाललाच होता, पण आता पडद्यावर इन्सुलिनचा आकडा सरळ शून्य. काकांनी तो कानाशी धरला. पान्याने हळूच टकटक केली. काकूंपासून लपवून फुंकरही मारून झाली.

"हवा धरली असणार," त्यांनी निदान केलं.

तपासणीच्या आदल्या दुपारी बेकरीवालीबाईंचा पाण्याचा पंप बघायला ते गेले. त्यानेही हवाच धरली होती. काकांनी झाकण उघडलं आणि सवयीने आत मगभर पाणी ओतायला घेतलं. पंप सुरू व्हायला आधी त्याला पाणी पाजावं लागतं. मग अर्ध्यावर थांबले. त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"बाई, एक केकचा तुकडा द्या."

"काका! तुम्हाला चालतो?"

"मला नकोय. पंपाला पाहिजे."

बाईंनी एकदा आपल्या पंपाकडे पाहिलं, एकदा काकांकडे, आणि घाबरून तुकडा दिला. काकांनी तो खाल्ला आणि वाट पाहिली. थोड्या वेळाने पट्ट्याशी बारीकशी घरघर झाली आणि थांबली.

"धरतोय, धरतोय! अजून एक आणा!"

दुसरा तुकडा तोंडात असतानाच घंटी वाजली. काकांनी गडबडीत हाताला आलं ते कानाला लावलं. "हॅवो?" घंटी तरीही वाजतच राहिली, कारण कानाला पंप होता. फोन खिशात होता, आणि फोनवर काकू.

"अहो, कुठे आहात?"

"कामावर."

"कसलं काम? माझ्या मोबाइलवर तुमच्या साखरेचा बाण वर निघालाय! आधी घरी या!"

काका झाकण तसंच टाकून पळाले. घरी काकूंनी शर्टावरचे केकचे कण पाहिले, तेव्हा काका पुटपुटले, "दोनच तुकडे. पंपाला पाहिजे होते." काकूंनी कपाटातून सुयांचा डबा काढला, पुसला आणि टेबलावर ठेवला. त्या डब्याने काकांना जे बोलायचं ते बोलून घेतलं.

सकाळी दवाखान्यात डॉक्टरीणबाई बराच वेळ आलेख बघत राहिल्या. काकांना राहवेना.

"मॅडम, मीच आपटला. तीन दिवस बंद आहे. पण सुया नको हो!"

"काका, हा बंद नाहीये. याला काम नाहीये."

"म्हणजे?"

"तुमच्या विहिरीला पाणी लागल्यावर टँकर कशाला येईल? साखर आटोक्यात राहिली, शरीराला विसावा मिळाला, चालून वजनही उतरवलंत. आता तुमचं स्वतःचं इन्सुलिन पुरतंय. बरं, काल दुपारी हा डोंगर कसला?"

"केक," काकू म्हणाल्या. "दोन तुकडे."

"यंत्राने जेमतेम थेंबभर हातभार लावला, तरी दोन तासांत साखर खाली! मी आज मोजून साखरेचं पाणी पाजून हेच बघणार होते. तुम्ही परीक्षा आधीच देऊन आलात."

"पास?"

"काठावर. ती साखरपाण्याची परीक्षा रीतसर होईलच. पण पंप आजच काढू. आणि ऐका, सगळ्यांचं असं होत नाही. मधुमेह गाव सोडून गेलेला नाही, गल्लीच्या टोकाला उभा आहे. दर तीन महिन्यांनी इथे यायचं. केक बंद."

काकांनी भिंत धरली, पण या वेळी आनंदाने. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि लगेच रागवल्या, "चांगली बातमी असली म्हणून काय, मला सांगायचं नाही?"

पायऱ्या उतरताना फोन वाजला. काकांनी आधी पट्टा चाचपला. तिथे काही नव्हतं. मग फोन कानाला लावला. बेकरीवालीबाई रडकुंडीला आल्या होत्या.

"काका, आमचा पंप अजिबात चालत नाहीये हो!"

"अरे वा!" काका भर रस्त्यात ओरडले. "अभिनंदन, बाई!"

काकूंनी फोन ओढून घेतला. "येतायत ते. पण पंपाला पाहिजे म्हणाले, तर पाणीच द्या."