सनईच्या थोडं पुढं

अख्ख्या बीड जिल्ह्यात जपानची सनई वाजवणारा मी पहिला माणूस! हे मी माझ्या तोंडानं सांगत नाही. गेवराईच्या बसस्टँडसमोर माझ्या ऑर्केस्ट्राचा बोर्ड आहे, त्यावर लिहिलंय. बोर्ड मीच रंगवून घेतला, हा भाग वेगळा.

देशाचे दरवाजे उघडले, आता परदेशी माल येणार, असं पेपरात रोज छापून येत होतं ना, तेव्हाची ही गोष्ट. बाकीच्यांच्या दारी परदेशी माल यायचा तेव्हा येवो, माझ्या दारी तो आला होता! मुंबईच्या एका वादकाकडून मी एक जपानी पेटी आणली होती. काळी, चपटी, व्हीसीआरएवढी. तिला ना पट्ट्या, ना भाता, ना तारा. पुढं एक काचेची खिडकी, त्यात हिरवे आकडे, आणि शेजारी एक मोठं गोल बटण. बस्स!

"ह्ये इस्टॅबिलायझर हाय," माझा ढोलकीवाला उत्तरेश्वर म्हणाला.

"अरे, वाद्य आहे हे!"

"मग वाजवायचं कुठून बे?"

मी त्याला समजावून सांगितलं. जपान्यांनी एकेका वाद्यवाल्याला समोर बसवून त्याचा खराखुरा सूर टिपून घेतला आणि या पेटीत भरून ठेवला. पेटी वायरीनं आपल्या कीबोर्डला जोडायची, बटण फिरवून नंबर लावायचा, आणि कीबोर्डची पट्टी दाबायची. ज्याचा नंबर, त्याचा आवाज! यादीच्या शेवटाला वाद्यं सोडून भलतेसलते आवाजही भरले होते, तिकडं मी कधी फिरकलो नव्हतो. माझ्या कीबोर्डचा स्वतःचा आवाज कधीच बसला होता, त्याला या पेटीनं पुन्हा कंठ फुटला. आणि मंडळी, यादीत एकशेबाराव्या नंबरावर काय होतं? सनई! आपली सनई! मला तर भरूनच आलं. टोकियोतल्या माणसाला सनईची किंमत कळते, आणि आमचे वडील म्हणतात, गाणंबजावणं हे काय काम आहे का!

वडिलांचं, म्हणजे मल्लिकार्जुनअप्पांचं, गेवराईत किराणा दुकान. मी गल्ल्यावर बसावं ही त्यांची एकच इच्छा. शेवटी त्यांनी सोक्षमोक्ष लावला.

"केदार, चकलांब्याला मोहनरावाच्या पोरीचं लगीन हाय. तिथं वाजव. लोकांनी तुझं नाव काढलं, तर तू तुझ्या बाजाला मोकळा. न्हाई काढलं, तर दुसऱ्या दिशी सकाळी दुकानाचं शटर तू उघडायचं. आन् मग रोज तूच उघडायचं!"

"मंजूर!" मी म्हणालो. इतक्या जोरात म्हणालो की दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या हातून शेंगदाण्याचा पुडा पडला.

आता मोहनराव म्हणजे साधी असामी नव्हे. चकलांब्याचे मोठे बागायतदार, राजकारणात उठबस. त्यांनी पंचक्रोशीत सांगून ठेवलं होतं की लग्नाला साहेब येणार, आणि ते सुद्धा हेलिकॉप्टरनं! मांडवामागच्या नांगरलेल्या रानात चुन्याचा मोठा गोल काढला होता. धूर करायला ओल्या पाल्याचा ढीग तयार होता. आणि हुकूम असा की साहेब आल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत. त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नातही असंच झालं होतं. साहेबांची वाट पाहता पाहता मुहूर्त टळला, भात गारठला आणि वऱ्हाडातले निम्मे लोक उपाशी परत गेले. साहेब आलेच नाहीत.

धाकटी विजयमाला सकाळीच माझ्याजवळ येऊन म्हणाली, "केदारदादा, तुमी तरी जोरात वाजवा. आमच्या आण्णांना म्हणावं, माझं लगीन येळेवर लागू द्या."

मी म्हणालो, "ताई, माझी सनई ऐकून साहेब स्वर्गात असले तरी खाली येतील!"

जोरात वाजावं म्हणून मी कर्णे लावताना कसर ठेवली नाही. दोन मांडवात बांधले, आणि दोन थेट रानातल्या लिंबाच्या शेंड्यावर. आवाज गेवराईपर्यंत जायला पाहिजे!

इथपर्यंत सगळं झकास होतं. पण माझा स्वभाव नडला. इतकी मोठी पेटी, आणि लोक तिच्याकडं बघून म्हणतात, "लायटीचं काय तरी दिसतंय." मला राहवेना. मोहनरावांची बहीण बायनाबाई आरतीचं ताट घेऊन चालली होती. मी तिला हाक मारली, "आत्या, वाद्याची पूजा केल्याशिवाय मी हात लावत नसतो!"

बायनाबाईनं पूजा केली. मनापासून केली! हळद लावली, कुंकू लावलं, आणि लावलं कुठं, तर बरोबर काचेच्या खिडकीवर. मग हार घालायचा म्हणून तिनं पेटीला खुंटी शोधली. पुढं आलेलं असं एकच होतं, ते गोल बटण. त्यावर तिनं झेंडूचा ओला हार अडकवला. बटण हळूच फिरलं, ते मला दिसलं नाही. मी हात जोडून, डोळे मिटून उभा होतो.

मुहूर्त जवळ आला. नवरदेव रविराज बोहल्यावर चढला. गुरुजी विश्वेश्वरशास्त्री घड्याळाकडं बघू लागले. पहिल्या रांगेत अप्पा येऊन बसले.

मोहनराव हातात हार घेऊन येरझाऱ्या घालत होते. "अजून साहेब न्हाईत! केदार, सनई सुरू कर. मानसं धरून ठिव."

मी बाह्या सावरल्या, अप्पांकडं एकदा पाहिलं, आणि झोकात पट्टी दाबली.

ट्रिंग ट्रिंग! ट्रिंग ट्रिंग!

मंडळी, सनईत टेलिफोन वाजला!

मोहनराव जागच्या जागी उडाले. त्यांचा फोन कित्येक दिवस बंद होता. "आरं, फोन लागला! साहेबांचा फोन!" म्हणत ते धोतर सावरत घरात पळाले. मी खिडकीकडं बघतो, तर आकडा कुठला? नुसता कुंकवाचा चिखल! उपरण्यानं पुसलं, तर चिखल आणखी पसरला.

"सनई कुठाय बे?" उत्तरेश्वर.

"थोडी पुढं असेल!"

मी हार काढला आणि बटण एक घर पुढं केलं. एवढ्यात मोहनराव बाहेर आले. "बोलले काय न्हाईत, पर निघाले आसतील! वाजव, वाजव!"

मी वाजवलं.

फडफडफडफडफड! लिंबावरचे कर्णे असे काही घुमले की मांडवाचं कापड थरथरलं. कावळे उडाले. पंगतीची जागा आधीच धरून बसलेली म्हातारी पत्रावळीवर आडवी पडली.

"हेलिकॉप्टर!" कुणीतरी ओरडलं. "हेलिकॉप्टर आलं!"

सगळा मांडव उठला! मोहनराव पुढं, हार त्यांच्या पुढं, आणि मागून सारं गाव रानाकडं पळालं. आचारी झारा घेऊन पळाला. ओला पाला पेटवला गेला आणि असा धूर झाला की समोरचा माणूस दिसेना. त्या धुरात लोक वर बघत होते आणि बोटं दाखवत होते. "त्ये बग, लिंबाच्या मागं!" "दिसलं, दिसलं!"

माझं बोट पट्टीवर चिकटलेलंच.

"बोट काढ बे!" उत्तरेश्वर कुजबुजला.

"काढलं तर हेलिकॉप्टर पडलं म्हणतील!"

"मग काय संध्याकाळपातुर दाबून बसतो का?"

मी बोट काढलं. एकदम शांतता. आणि रानातून शंभर गळ्यांचा आवाज आला, "उतरलं!"

मांडवात उरलो आम्ही मोजके. नवरा, नवरी, गुरुजी, अंतरपाट धरलेले दोन मामा, आणि अप्पा. अप्पा जागचे हलले नव्हते. ते माझ्याकडं बघत होते, आणि त्या नजरेत मला दुकानाचं शटर स्पष्ट दिसत होतं. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं!

विजयमालानं अंतरपाटाच्या कडेनं डोकावून पेटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. तिला सगळं उमगलं होतं. "दादा, मुहूर्त चालला! आण्णांना म्हागारी आणा. काय बी वाजवा!"

"सनई सापडत नाही गं!"

"सनई मरू द्या! पुढचं वाजवा!"

मी बटण आणखी एक घर सरकवलं आणि देवाचं नाव घेऊन पट्टी दाबली. पेटीतून टाळ्यांचा कडकडाट! हजार माणसांची सभा जिंकल्यासारखा!

रानात एकच गलका. "आरं, साहेब तर मांडवात पोचले! टाळ्या पडायल्यात!" सगळं गाव उलटं फिरलं. धुरानं लाल झालेले डोळे चोळत, खोकत, मोहनराव धापा टाकत आले आणि मांडवाच्या दारातूनच ओरडले, "साहेब आले! गुरुजी, सुरू करा!"

गुरुजी या एका वाक्याची सकाळपासून वाट बघत होते. त्यांनी असा सूर लावला की कुणाला मधे बोलायला जागा ठेवली नाही. मंगलाष्टकं चालू आणि मोहनराव हार घेऊन प्रत्येक पांढऱ्या टोपीच्या तोंडाकडं बघतायत. चकलांब्यात टोप्या काय कमी आहेत? शेवटचं 'सावधान' झालं, सगळ्यांनी वाजंत्रीसाठी माझ्याकडं पाहिलं, मी बटण एक घर पुढं सरकवलं, आणि आता ते त्यापुढं फिरेना! शेवटचा नंबर! मी डोळे मिटून पट्टी दाबली.

ठो!!

बंदुकीचा बार! आणि त्या बारासरशी धडाधड अक्षता पडल्या. अगदी मुहूर्तावर. नवऱ्याचा मामा छाती काढून म्हणाला, "सलामी! पाव्हण्यांनी सलामी दिली!"

लग्न लागलं. आणि मग मोहनरावांनी विचारलं, "साहेब कुठं हायत?"

पाच जणांनी पाच दिशांना बोटं केली. कुणी साहेबांना पाणी दिलं होतं, कुणाच्या पाठीवर साहेबांनी थाप मारली होती. मोहनरावांनी रानाकडं पाहिलं, लिंबावरच्या कर्ण्यांकडं पाहिलं, मग वायर धरून नजर हळूहळू माझ्या पेटीपर्यंत आणली. ते स्टेजवर चढून माझ्या कानाशी आले.

"आवाज ह्येच्यातून आला?"

"चुकून झालं, मोहनराव... सनई शोधत होतो..."

"गप! म्हंजी साहेब आलेच न्हाईत." ते क्षणभर हारावर हात फिरवत राहिले. एवढा दांडगा माणूस, पण मला त्यांची खरंच दया आली. मग त्यांनी मिशीवर हात फिरवला. "पर आता आलेत म्हनून समद्या गावानं बघितलंय. आल्यावर जायला नको का? पाठव त्यांना. लई अदबीनं पाठव!"

आणि मंडळी, माझ्या आयुष्यातलं सर्वात उत्तम वादन मी त्या दिवशी केलं! बटण मागं घेतलं, पट्टी दाबली, आणि आवाज एवढा हळुवार, एवढा सावकाश कमी करत नेला की हेलिकॉप्टर लिंबावरून उठलं, गोदावरीकडं वळलं आणि दूर दूर विरून गेलं. सगळं गाव आकाशाकडं बघून हात हलवत होतं. मोहनरावांनी हात जोडले होते. विजयमाला तोंडाला पदर लावून हसत होती. माझ्या शेजारी सगळं डोळ्यांनी बघणारा उत्तरेश्वरसुद्धा हात हलवत होता!

दुसऱ्या दिवशी मी भल्या सकाळी दुकानावर गेलो. सनईचा एक सूर निघाला नव्हता, तेव्हा शब्दाला जागणं भाग होतं. पण शटर उघडं होतं आणि अप्पा गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला सांगत होते, "आमच्या केदारचं हाय हेलिकॉप्टर. घरचं!"

मला बघून म्हणाले, "तू कशापायी आलास? लोकांनी नाव काढलं तुझं. जा, बाजा बघ तुझा." तेवढ्यानं माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू!

त्याच दिवशी अप्पांच्या दुकानात ऐकून पालीचा एक जण लग्नाची तारीख घेऊन आला. मी पेटी पुसून पुढं ठेवली. "जपानची सनई आहे, ऐकवू?"

"सनई कशाला?" तो म्हणाला. "सनईला आमचा हरिबा हाय. तुमी निस्तं हेलिकॉप्टर आणा."

तेव्हापासून हेच चाललंय. एकशेबारा नंबर मला अजून कुणी वाजवू दिलेला नाही! बसस्टँडसमोरचा बोर्ड मात्र मी तसाच ठेवलाय. 'जपानची सनई वाजवणारे जिल्ह्यातील पहिले.' त्याच्याखाली अप्पांनी दुकानाचा उरलेला रंग घेऊन, मला न विचारता, एक ओळ वाढवली आहे:

'येथे हेलिकॉप्टर मिळेल.'