येथे कोबी स्वीकारला जाणार नाही

मा दल-सूने गॅरेजच्या दारावर पाटी लावली आणि बामगोल गावाला धक्काच बसला. पाटीवर लिहिलं होतं, 'फक्त कार्ड. येथे कोबी स्वीकारला जाणार नाही.' खाली थोडी जागा उरली होती, म्हणून बारीक अक्षरात आणखी लिहिलं होतं, 'मुळा, लसूण, कोंबडाही नाही.'

धक्का बसणारच. अठरा वर्षं दल-सू आमच्या गावाचे पॉवर टिलर, फवारणीचे पंप आणि गवत कापायची यंत्रं दुरुस्त करत आला, आणि अठरा वर्षं गाव त्याला शेतात जे पिकेल ते देत आलं. टिलरचं इंजिन उघडलं तर तांदळाचं पोतं, पंपाचा वॉशर बदलला तर दहा कोबी. रोख पैसे फक्त परगावच्या माणसांकडून घ्यायचे. आपल्या माणसाकडून पैसे घेणं म्हणजे त्याला परका म्हणण्यासारखंच, अशी आमच्याकडची रीत.

पण आता दल-सूला बायको आणायची होती. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी! लाओसहून दोन वसंतांत लसूण काढायला आलेली नोय त्याच्या गॅरेजसमोरून जाता जाता थांबायची, आणि न विचारता बरोबर मापाचा पाना हातात द्यायची. एवढ्यावरच दल-सू विरघळला. कोरिया आणि लाओस, दोन्हीकडच्या कचेऱ्यांत लग्नाची नोंद झाली, फोटो झाले, आणि नोय माहेरी व्हिसाची वाट बघत बसली. तिथेच गाडी अडली. नवऱ्याचं वर्षाचं उत्पन्न किमान दोन कोटी तीस लाख वॉन हवं, आणि दल-सूच्या दाखल्यावर होते नव्वद लाख.

"ह्यात माझं तांदळाचं पोतं कुठाय?" प्यो सरपंचांनी दाखला उलटा करून पाहिला.

"तांदळाचा दाखला मिळत नाही, दादा."

"आणि ते मी दिलेलं डुक्कर? अर्धं होतं, पण होतं तर खरं!"

असले कागद तयार करून देणाऱ्या बांगबाई तालुक्याच्या गावी बसतात. त्यांच्याकडे जा, असं सरपंचांनी सांगून पाहिलं. पण दल-सू हट्टी. "मला वाचता येतं," म्हणाला. त्याने सरकारी नियम फोनवर स्वतःच वाचले. पहिल्या पानावरचा आकडा बघून त्याला असा काही घाम फुटला की दुसरं पान उघडायची छातीच झाली नाही. त्याने फोन खिशात टाकला, ब्रश घेतला आणि पाटी रंगवली. येत्या वर्षभरात प्रत्येक पैसा कागदावर आणायचा, मग बघू बायको कशी येत नाही ते!

पहिल्याच दिवशी एक्क्याऐंशी वर्षांच्या गोंग आजी काखेत कोंबडा घेऊन हजर.

"घे रे. पंपाचे."

"आजी, कार्ड लागेल."

"कोंबड्यात काय खोट आहे?"

"खोट नाही हो. पण सरकारला कोंबडा दाखवता येत नाही."

"का नाही? चांगला लठ्ठ आहे. घेऊन जा की दाखवायला!"

आजी फणफणत परत गेल्या. चार दिवसांनी बँकेतून कार्ड काढून आल्या, रुमालात गुंडाळलेलं. गुप्त आकडा मात्र त्यांनी एवढ्या मोठ्यानं सांगितला, की रांगेतल्या सहाही जणांना तो आजतागायत पाठ आहे.

लोकांना दल-सूचा राग आला होता, पण नोय सगळ्यांची लाडकी. तिचं कोरियन आमच्याच म्हाताऱ्यांकडून शिकलेलं, त्यामुळे पोरगी तिशीची आणि बोलणं सत्तरीचं. सरपंचांनी मनावर घेतलं. सकाळी सहाला गावातल्या भोंग्यावरून ते रोज पाऊसपाणी सांगतात, त्या दिवशी त्यांनी वेगळंच सुरू केलं. "ऐका हो, ऐका! आपल्या दल-सूची बायको उत्पन्नापायी अडकली आहे. ज्याच्या घरी यंत्र आहे त्याने ते दुरुस्त करून घ्यावं. बिघडलेलं नसेल तरी घ्यावं. कार्ड विसरू नये!"

दुपारपर्यंत गॅरेजपुढे एकोणीस यंत्रं उभी राहिली. त्यातली सोळा ठणठणीत होती.

"ह्याला काय झालंय?" दल-सूने एका टिलरभोवती फिरून विचारलं.

"काही नाही. तू लाव पन्नास हजार."

"फुकटचे पैसे मी घेणार नाही."

"मग काहीतरी कर त्याला!"

दल-सू प्रामाणिक, हेच त्याचं दुखणं. पैसे घ्यायचे तर काम झालं पाहिजे, म्हणून त्याने सोळाही यंत्रं उघडली, पुसली, तेल घातलं आणि परत बसवली. वीस-वीस वर्षांची जुनी यंत्रं ती, आपल्या मळानिशी सुखात चालली होती. मळ काढल्यावर त्यातली सात चालेनात. मग नवे सुटे भाग मागवावे लागले. भागांचं बिल आलं, आणि दल-सूला कळलं की दाखल्यावर येतं ते खर्च वजा जाऊन उरलेलं. म्हणजे जितकी दुरुस्ती जास्त, तितका खर्चही जास्त! पण तो मागे हटला नाही. भाग विकत घेणं बंद केलं आणि भंगारातलं लोखंड घासून स्वतःच भाग बनवायला लागला. हातांची सालटी निघाली. जेवताना चमचा धरवेना, तरी सकाळी साताला गॅरेज उघडं.

घरात मात्र वेगळीच आग लागली होती. दल-सूची आई ओक-बुन चौऱ्याहत्तर वर्षांची, अंगाने काटकुळी आणि जिभेने तिखट. कोबी यायचे बंद झाल्यापासून तिने पोराशी धड बोलणंच सोडलं होतं.

"माझे कोबी बंद केलेस," ती ताट आपटून म्हणाली. "ऐन हंगामात! आता मी काय विकत आणू?"

"आई, दोन माणसांना कोबी लागतो किती?"

"विचार की!"

"काय विचारू?"

"जाऊ दे. तुझं डोकं पान्याच्या मापाचं आहे."

ती खरंच बाजारातून कोबी विकत आणू लागली, आणि दल-सूने कपाळावर हात मारला. मागच्या खोलीत ती दिवसभर काय खारवते नि कशात भरते, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. ग्रीसच्या हातांनी सगळं नासवतोस, म्हणून त्याला त्या खोलीत पाऊल टाकायची मनाई होती. आई दर मंगळवारी पहाटे टेम्पोत बसून तालुक्याला जाते, ती तिथल्या दुकानात फुकटच्या गरम मालिशपलंगावर पडायला, अशी त्याची पक्की समजूत होती. म्हातारीची कंबर दुखत असेल, असं म्हणून तो त्या भानगडीत पडला नाही.

वर्ष सरलं. हिशेब भरून नवा दाखला हातात यायला पुढचा जुलै उजाडला. दल-सूने पाकीट फोडलं. एक कोटी सत्तर लाख. जवळजवळ दुप्पट! आणि तरीही साठ लाखांनी कमी.

तो गॅरेजच्या पायरीवर बसला आणि रडला. त्रेचाळीसचा चव्वेचाळीस झाला होता, सगळं गाव दुरुस्त करून झालं होतं, आता आणखी कुठून आणणार? शेवटी त्याने नोयला फोन लावला.

"कमी पडले गं."

पलीकडे आधी कोंबड्या हाकलल्याचा आवाज आला. मग नोय म्हणाली, "हितं समदी हसत्यात मला. म्हंत्यात, तुजा नवरा फोटुतलाच हाय. मावशी म्हंती, बँकॉकला शिवणकामाच्या कारखान्यात जा. म्या सांगितलंय, भातकापणीपातुर थांबते."

"मी आणखी एक वर्ष..."

"गप बसा! आणि येक वरीस न्हाई. ज्याला कळतंय त्याला जाऊन इचारा. तुमी कुनालाबी इचारत न्हाई, ह्योच तुमचा रोग हाय!"

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. दल-सूने धुतलेला शर्ट घातला आणि बांगबाईंकडे निघाला. टेम्पो आला नव्हता, म्हणून आईही त्याच्या गाडीत बसली. तिची सहा जड खोकी मागे चढवताना त्याने "बुसानच्या मावशीला का?" एवढंच विचारलं. आईने मागे वळून खोकी मोजली.

बांगबाईंनी दाखला पाहिला, कुटुंबाची नोंद पाहिली, चष्मा वर केला.

"आई तुमच्याबरोबरच राहते ना? एकाच पत्त्यावर?"

"हो. ही काय, बसलीय."

"मग त्यांचं उत्पन्न का नाही जोडलं? घरातल्या आईवडिलांचं धरता येतं. दुसऱ्या पानावर लिहिलंय."

दल-सू केविलवाणा हसला. "बाई, ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. मालिशपलंगावर पडायचे कोणी पैसे देत असेल तर जोडा."

 आईने पिशवीतून घडी केलेला परवाना आणि दोन वर्षांचे उत्पन्नाचे दाखले काढून टेबलावर सरकवले. सहकारी दुकानातलं किमचीचं, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याचं, काउंटर, मालकीण ओक-बुन, परवाना बारा वर्षांचा, कर दर मे महिन्यात भरलेला.

बांगबाईंनी बेरीज केली. "तिघांचं घर धरलं की मर्यादा थोडी वर जाते. दोन कोटी ऐंशी लाख. तुमचे एक सत्तर, ह्यांचे एक तेरा. बसतंय! तीन लाख वरच राहतात." मग त्यांनी आईचा आदला दाखला पाहिला आणि भुवया उंचावल्या. "ह्या आधीच्या वर्षी तर दोन कोटी दहा लाख! एकदम निम्मं कसं झालं?"

"कोबी विकत घ्यावे लागले," आई म्हणाली. "फुकटचे यायचे ते ह्यानं पाटी लावून बंद केले."

बांगबाईंनी पुन्हा आकडे मांडले आणि पेन हळूच खाली ठेवलं. "म्हणजे गेल्या वर्षी तुम्ही काहीही न करता नुसते इथं आला असता, तरी काम झालं असतं."

दल-सू खुर्ची सारून उठला. बाहेर पायरीवर आल्यावर तो ओरडला. "आई! सोळा धडधाकट यंत्रं मी खोलली! हाताची सालटी काढली! तू सांगितलं का नाहीस?"

"तू मला विचारलंस?" आईचा आवाज चढला आणि मधेच फाटला. "सरपंचाला विचारलंस, भोंग्यावरून सगळ्या गावाला विचारलंस. ज्या बाईनं तुला एकटीनं वाढवलं, तिला एकदा तरी विचारलंस, आई, तू काय करतेस म्हणून? बारा वर्षं तुझी मजुरी मी किमचीत मुरवून पैशात आणली. तुला वाटलं, म्हातारी पडून असते."

दल-सूने मान खाली घातली. त्याला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्याने सरपंचांना फोन केला, तर ते म्हणाले, "अरे, तुझ्या आईचं काउंटर सगळ्या गावाला माहीत आहे. तुलाच माहीत नाही, हे मात्र आम्हाला माहीत नव्हतं!" मग नोयला लावला. ती आनंदानं किंचाळली, रडली आणि वर म्हणाली, "दोन वसंत म्याच तर भरल्यात आईच्या बरण्या! मला वाटलं, आई मदत करायला नगं म्हंत असंल."

मग तिने नाक पुसत विचारलं, "आता म्होरं काय करायचं? सांगा की."

दल-सूने बोलायला तोंड उघडलं. परत मिटलं. आणि दोन्ही हातांनी फोन आईपुढे धरला.