कचऱ्याच्या डोंगराचे अधिकृत तापमान

विषय : कचऱ्याच्या डोंगरातील वाढत्या उष्णतेबाबत.
संदर्भ : रानकोंबडी चंद्राक्का यांचा अर्ज.

उपरोक्त विषयी, बाळांनो, नीट ऐका. एका जंगलात नगरपालिका होती. त्यामुळे तिथे कचऱ्याचा डोंगरही होता.

ओला कचरा कुजला की आतून ऊब सुटते. चंद्राक्काने त्या उबेत अंडी घातली आणि स्वतः रानभर हिंडू लागली. बाकीच्या कोंबड्या जळफळल्या.

पण डोंगर तापतच गेला. अस्वल त्यात शेंगा भाजू लागले. माकडांचे पाय पोळले, ती थयथय उड्या मारू लागली. मुख्याधिकारी गवासाहेबांना वाटले, सांस्कृतिक कार्यक्रम आहे. त्यांनी खूर आपटून दाद दिली.

चंद्राक्का अर्ज घेऊन धावली.

"साहेब, माझी पिल्लं आतच उकडतील हो! पाणी मारा डोंगरावर."

"आधी तापमान कळू दे, बाई. तोवर अंडी हलवायची नाहीत. जागेवरचं सगळं जसंच्या तसं राहिलं पाहिजे."

"आणि पिल्लं?"

"तीसुद्धा."

तापमान कार्यालयातच मोजायचे, असा नियम होता. तापमापक तिथल्या भिंतीला ठोकलेला होता ना! नमुना आणायला तपासनीस कासवराव गेले. अत्यंत सचोटीचा प्राणी. धुमसता कचरा टोपलीत भरून, पाठीवर घेऊन, वाटेत कुठेही न थांबता ते परत आले. मध्ये फक्त एक आठवडा गेला.

गवासाहेबांनी तापमापक पाहिला. "हा तर गारठलाय! डोंगराला शेकोटी मंजूर करावी म्हणतो."

"अहो, सशाला तरी पाठवायचं!" दारात ताटकळलेली चंद्राक्का म्हणाली.

"तो बेभरवशाचा."

चंद्राक्का धापा टाकत परतली. डोंगरातून धूर निघत होता. तिने नियम गुंडाळला, अंडी पायांनी लोटत खाली गवतात आणली आणि गुपचूप त्यांवर बसली. यथावकाश पिल्ले बाहेर आली. सगळी धडधाकट.

मागोमाग कासवराव नोटीस घेऊन आले : विनापरवाना हलवलेली अंडी मूळ स्वरूपात सादर करावीत.

"मूळ स्वरूपात? ह्यांना परत कवचात कोंबू का, कासवराव?"

"त्यात काय एवढं?" कासवराव म्हणाले, आणि डोके आत ओढून दाखवले.

पिल्लांनी खूप प्रयत्न केला. जमले नाही.

तात्पर्य : अर्ज निकाली निघेपर्यंत पिल्लांनी अंड्यातून बाहेर पडू नये.

डोंगर जळत आहे. अर्ज प्रलंबित आहे.