हसूरामकाकांचा खड्डा

नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधी हसूरामकाका समोरच्याच्या नडगीत अंगठा रुतवतात. पाच सेकंद दाबायचा, मग उचलायचा. जागेवर खळगा राहिला, म्हणजे पायात पाणी साठलेलं असलं, तर, "खड्डा हाय!" नाही राहिला तर, "नाय खड्डा," आणि स्वारी पुढच्या नडगीकडे. त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरणारे लोक पाय भिंतीला चिकटवून उभे राहतात.

काका मूळचे सारसोळे गावचे. हॉस्पिटलात ईसीजी काढण्यात सगळी नोकरी गेली. ते डॉक्टर नाहीत, हे त्यांना सोडून सगळ्या सोसायटीला माहीत आहे. "मशीन खोटा बोलंल, नडगी नाय बोलनार," असं ते छातीठोकपणे सांगतात. जिन्यात कुणी दम खायला थांबला की विचारतात, "झोपताना उशा किती?" एक म्हटलं तर हिरमुसतात. तीन म्हटलं, म्हणजे आडवं झाल्यावर दम लागतो असं निघालं, की चेहरा कसा खुलतो! बायको गेल्यापासून एकटेच असतात, त्यामुळे चौकशीला वेळच वेळ.

मी सोसायटीचा सेक्रेटरी, राहायला बी विंगमध्येच. एकदा ग्रुपवर काकांचा मेसेज आला, 'बी विंगमधे मोटा खड्डा. आजच बगा.' मी तत्परतेने माणूस बोलावला, बी विंगसमोर दोन घमेली सिमेंट ओतून घेतलं आणि फोटोही टाकला. भराभर अभिनंदनं आली. संध्याकाळी काका दारात हजर.

"अरे सेक्रेटरी, खड्डा तुज्या आईच्या पायान हाय! आज लिफ्टमधे अंगठा लावला."

आईला दोन महिने दम लागत होता. आमच्या घरात त्याला गॅस म्हणतात. छातीत गॅस, पाठीत गॅस, उत्तर ओवा. पाय सुजले तर वय झालं. शिवाय ईसीजी नॉर्मल आला होता. मी काकांना ऐकवलं, "तुमच्याच मशीननं पास केलंय."

काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आईला खुर्चीत बसवलं. "ताई, वाकून सॅन्डलचा पट्टा लावा."

आई वाकली. पट्टा लागायच्या आतच धापा टाकत सरळ झाली.

"वाकल्यावर दम भरतो, हा गॅस नाय. हार्ट हाय. उद्या इको कर. नाय त मी इथनं उठनार नाय."

ते खरोखर उठले नाहीत. जेवायची वेळ झाली, तेव्हा त्यांना घालवायचं म्हणून मी अपॉइंटमेंट घेतली.

इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, निघालं की आईचं हृदय कडक झालंय, नीट सैल पडत नाही, आणि पाणी फुप्फुसांपर्यंत पोचलंय. "अजून थोडे दिवस ओव्यावर काढले असते तर..." डॉक्टरांनी वाक्य अर्धंच ठेवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या सिमेंटच्या फोटोची तर फारच लाज वाटली.

गोळ्यांनी आई सुधारली. काका रोज येऊन अंगठा लावायचे. परवा म्हणाले, "नाय खड्डा," पण अंगठा काही उचलला नाही.

"माजी बायको पन गॅसच बोलायची. मी दिवसभर लोकांचे ईसीजी काढायचो आनि घरी येताना तिला सोडा आनायचो. तिचे पाय कदी बगितलेच नाय."

काका उठले. "चला ताई. आता माजा इथला काम संपला."

"उद्या चारला या," आई म्हणाली.

"कशाला? पाय बरा हाय."

"चहाला या. पाय नाही दाखवणार."

काका दारात एकच चप्पल घालून थांबले.

"खरंच येऊ?"