कमान टेम्पोतून गेली तेव्हा

चालता न येणाऱ्या मुलांसाठी इतरांनी धावावे, असा ठराव समितीने एकमताने संमत केला. मुलांचं मत घेतलं नाही, कारण सभा तिसऱ्या मजल्यावर होती.

वसतिगृहात मुलं अकरा आणि चाकांच्या खुर्च्या तीन. त्यामुळे अंगणातलं ऊन मुलांना पाळीपाळीने मिळे. एका कंपनीने आणखी आठ खुर्च्या देऊ केल्या. अट एकच : निदान एका माणसाने बेचाळीस किलोमीटर धावून शेवटची कमान ओलांडावी.

"एका?" अध्यक्ष हसले. "अहो, सहाशे नावं आलीत!"

सहाशेही जण धावले. तीनशे मीटरवर छायाचित्रकार उभा होता, तिथपर्यंत. त्यापुढे धावल्याचा पुरावा राहणार नव्हता, आणि पुराव्याविना घाम गाळणं सुशिक्षितांना शोभत नाही. मंडळी नाश्त्याला वळली. भेट द्यायला आणून ठेवलेल्या आठ खुर्च्यांत आठ दमलेले मान्यवर विसावले.

पुढे गेली ती एकटी वसतिगृहाची स्वयंपाकीण. सगळे तिला मावशी म्हणत. वय बावन्न, पदर खोचलेला, पायात वॉचमनचे उसने बूट. मध्येच थांबायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

विसाव्या किलोमीटरला वाहतूक पोलिसाने अडवलं.

"मावशी, रस्ता खुला झालाय. शर्यत संपली."

"कोण जिंकलं?"

"सगळेच."

"मग खुर्च्या मिळाल्या?"

"ते माझ्या हद्दीत येत नाही."

सिग्नल हिरवा होईपर्यंत मावशी जागच्या जागी धावली आणि निघाली.

बेचाळीस पुरे केले, तर कमान गायब. भाडं दुपारपर्यंतचंच होतं, म्हणून मांडववाल्याने ती टेम्पोत घातली होती आणि टेम्पो नुकताच कोपऱ्यावर वळत होता. मावशी मागे लागली. मांडववाला पुढे शपथेवर सांगायचा, "गाडी पन्नासने पळवत होतो, तरी आरशात मावशी मोठी मोठीच होत होती!"

चार किलोमीटरवर, एका पुढाऱ्याच्या सत्काराच्या मैदानात टेम्पो थांबला. कमान उभी राहते न राहते तोच मावशी तिच्याखालून सुसाट गेली ती थेट व्यासपीठावर. पुढाऱ्यासाठी उचललेला हार तिच्या गळ्यात पडला. टाळ्या आधीच ठरलेल्या होत्या, त्या झाल्या.

समितीने चौकशी लावली. कचेरीत फर्निचर अपुरं असल्याने सभासद त्याच आठ खुर्च्यांत बसले होते. मुद्दा अडचणीचा आला की ज्याला त्याला मागे सरकता येत होतं.

"किती धावलात, बाई?"

"शेचाळीस."

"अर्जावर बेचाळीस आहे. चार किलोमीटर तुम्ही विनापरवाना धावलात."

"मग चार वजा करा की!"

"वजा केले तर कमान चार किलोमीटर पुढेच राहते."

मावशीने कपाळावर हात मारला. "अहो, निदान बुडाखालच्या तरी द्या!"

सचिव कळवळले. "मावशी, तुमच्या मुलांसाठीच तर बसलोय."

इतिवृत्तात नोंद झाली : 'एक स्पर्धक अद्याप मार्गावर आहे. तो पोचेपर्यंत खुर्च्यांचे वाटप स्थगित.'

वसतिगृहात मुलं वाट पाहत होती. "मावशी, पोचलीस का गं?"

"मी पोचले रे सोन्या," मावशी बूट काढत म्हणाली, "कागद अजून पळतोय."

ही हकीकत मी पुष्कळांना सांगितली. ऐकणारा दर वेळी पेटून उठतो, मुठी आवळतो, 'त्या वसतिगृहाचा पत्ता द्या बघू!' म्हणतो. मी पत्त्याची चिठ्ठी पुढे करतो, तर नेमका तेव्हाच त्याला चष्मा सापडत नाही. तुमचाही सापडत नाही? काही हरकत नाही, मी वाचून दाखवतो.

अहो, पण असे धावत कुठे निघालात?